सूर्याचे बोल टिपणाऱ्या रूबीबाई

स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावयाचे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी, मादाम क्यूरी यांची चरित्रे आपण पुष्कळदा वाचली आहेत आणि ती पुन्हा वाचावयास कोणाची ना नाही. यंदा मात्र ज्या बाईंची ओळख करून द्यावयाची आहे, त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात मोठ्या आदराने घेतले जात असले, तरी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते अजून पोचलेले नाही. त्या बाई म्हणजे ऑस्ट्रेलियातील श्रीमती रूबी पेन-स्कॉट.

पुण्याहून नाशकाकडे जाताना नारायणगावच्या परिसरात शेतांच्या मधोमध मोठाल्या जाळीदार थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पुष्कळ भगिनींनी पाहिल्या असतील. त्या थाळ्या म्हणजे एक दुर्बीणच आहे. पण ही दुर्बीण डोळ्याने पाहावयाची नव्हे. सूर्य, तारे आणि दूरदूरची तारकाविश्वे यांच्याकडून उजेडाबरोबरच रेडिओच्या लहरीही पृथ्वीवर येत असतात; त्या टिपून त्यांवरून आकाशाचा नकाशा काढणे हे तिचे काम. या शास्त्राला रेडिओ-खगोलशास्त्र म्हणतात. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हे शास्त्र अगदी तान्हे होते. जगभर मिळून मोजकी माणसे त्यात होती आणि त्यांत रूबीबाई होत्या. या शास्त्रातील पहिली स्त्री असे त्यांना मानतात.

रूबी व्हायोलेट पेन-स्कॉट यांचा जन्म २८ मे १९१२ रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतातील ग्राफ्टन या गावी झाला. वडील हिशेबनीस होते व आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. मुलीची बुद्धी पाहून तिला शिक्षणासाठी सिडनीला मावशीकडे ठेवण्यात आले. मुलींच्या सरकारी हायस्कुलातून गणित आणि वनस्पतिशास्त्र यांत विशेष प्रावीण्य मिळवून त्या सोळाव्या वर्षी सिडनी विद्यापीठात दाखल झाल्या. १९३३ साली गणित व पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाल्या. त्या विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री. पुढे १९३६ साली एम.एस्सी. झाल्या.

पदवी मिळाली, पण काम कोण देणार? तो मंदीचा काळ होता. त्यात पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी! काही दिवस त्यांनी विद्यापीठाच्या कर्करोग संशोधन विभागात काम केले. मग अध्यापनाची पदविका घेऊन ॲडलेडजवळच्या एका मुलींच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. आपल्याकडेही शिकलेल्या मुलीसाठी शिक्षिकेची नोकरी हाच राजमार्ग समजला जाई. तिकडची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. १९३९ साली त्यांना रेडिओची यंत्रे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली, आणि तेथून बिनतारी विद्येशी त्यांची गाठ पडली.

त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. शत्रूची विमाने दुरूनच हेरण्याचे रडार नावाचे नवे साधन इंग्रजांनी तयार केले होते. ते गुपित त्यांनी आपल्या साम्राज्यातील वसाहतींना विश्वासाने सांगितले. ऑस्ट्रेलिया सरकारने त्यासाठी सिडनी विद्यापीठाच्या आवारात एक गुप्त प्रयोगशाळा काढली. पुरुष मंडळी युद्धावर गेलेली, तज्ज्ञ माणसांची चणचण. म्हणून १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे स्त्रियांनाही घेतले गेले. त्यांत रूबीबाई होत्या. त्यांच्याच बरोबर आत आलेल्या जोन फ्रीमन पुढे इंग्लंडात जाऊन अणुविज्ञानात नावारूपाला आल्या.

प्रयोगशाळेतील रूबीबाईंविषयी त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सांगून ठेवले आहे, त्यावरून बाई मोठ्या तडफदार असाव्यात. गणितात तीक्ष्ण, यंत्र हाताळण्यात वाकबगार आणि मत स्पष्ट सांगण्यात कोणाची भीड न बाळगणाऱ्या. एरियलच्या शिड्यांवर चढावे लागते तर झग्याऐवजी अर्धी चड्डी घालण्यात गैर काय, असा वाद त्यांनी वरिष्ठांशी घातला असे सांगतात. समान कामाला समान वेतन हा त्यांचा आग्रह होता, कारण स्त्रीला पुरुषापेक्षा कमी पगार देणे ही तिकडे उघड सरकारी रीत होती. त्यांची राजकीय मते डावीकडे झुकलेली होती, आणि त्यापायी तिकडच्या गुप्त पोलिसांनी त्यांच्या नावाची एक फाइलही उघडली होती. सुट्टीच्या दिवशी मात्र बाई पाठीवर पडशी टाकून रानावनांत भटकावयास जात. या भटकंतीच्या मंडळातच बिल हॉल नावाच्या, टेलिफोन खात्यात काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाशी त्यांचा स्नेह जुळला आणि ८ सप्टेंबर १९४४ रोजी दोघांनी लग्न केले.

हे लग्न त्यांनी कचेरीत कळवले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी त्यांच्या कामाकडे वळू. आकाशातून रेडिओच्या लहरी येतात हे कार्ल जान्स्की नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले होते, पण कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. १९४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रडारयंत्रे एकाएकी बधिर झाली. जर्मनांनी काही करणी केली असावी अशा संशयाने हे नावाच्या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तर गुन्हेगार सूर्य निघाला! पण युद्धकाळात ही बातमी बाहेर फुटणे शक्य नव्हते. अमेरिकेतही सूर्याच्या रेडिओ-लहरी कोणाला सापडल्या होत्या, तेही कुलपातच. म्हणजे निरनिराळ्या देशांतली माणसे एकाच दारावर थाप मारीत होती, पण एकीला दुसरीचा आवाज ऐकू येत नव्हता.

ही कोंडी दक्षिण गोलार्धात फुटली ती एका स्त्रीमुळेच. तिची हकिकत थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एलिझाबेथ अलेक्झांडर या मूळच्या इंग्लंडच्या, पण त्यांचे बालपण आपल्या पाटण्याला गेलेले. वडील तेथील कॉलेजात विज्ञानाचे प्राध्यापक होते. केंब्रिजला भूगर्भशास्त्रात डॉक्टर झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर सिंगापुरास राहिल्या. १९४२ च्या जानेवारीत मुलांना सुरक्षित ठेवावे म्हणून त्या न्यूझीलंडला आल्या आणि महिन्याभरात सिंगापूर पडले. नवरा जपान्यांच्या कैदेत, जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत मुले सांभाळून ही बाई न्यूझीलंडच्या रडार-प्रयोगशाळेत एका विभागाची प्रमुख झाली. १९४५ च्या मार्चअखेर नॉरफोक बेटावरील रडारवर सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या वेळी विचित्र खरखर होते अशी तक्रार आली. अलेक्झांडरबाईंनी अनेक ठाण्यांवरून नोंदी मागवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि ही खरखर सूर्याची आहे असा निर्वाळा दिला. त्यांचा हा अहवाल समुद्र ओलांडून सिडनीला आला. कैदेतून नवरा सुखरूप सुटून आला, हे वाचून आपल्या भगिनींना बरे वाटेल.

सिडनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ पॉसी नावाचे शांत स्वभावाचे, दूरदृष्टीचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि रूबीबाईंनी १९४४ सालीच आकाशातील लहरी टिपण्याचा एक छोटा प्रयत्न करून पाहिला होता. न्यूझीलंडची बातमी येताच त्यांना पुन्हा हुरूप आला. १९४५ च्या ऑक्टोबरात सिडनीजवळ कॉलरॉय येथील हवाई दलाचे रडार त्यांनी सूर्याकडे लावले. युद्ध नुकतेच संपले होते. यंत्रे फुकट पडली होती. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहता असे दिसले की, सूर्यावर डाग मोठे असतात तेव्हा रेडिओचा आवाज वाढतो, डाग लहान झाले की उतरतो. हा शोध पॉसी, पेन-स्कॉट आणि मॅक्रेडी या तिघांच्या नावाने इंग्लंडच्या नेचर मासिकात प्रसिद्ध झाला.

पण आवाज खरोखर डागांतूनच येतो हे कशावरून? सूर्य आपल्याला ताटलीएवढा दिसतो, पण रडारच्या एरियलला ती ताटली आणि आजूबाजूचे आकाश यांत फरक कळत नाही. मोतीबिंदू झालेल्या माणसाला दिवा लागला आहे एवढेच समजते, वात कोठे आहे ते दिसत नाही, त्यातला हा प्रकार. यावर या मंडळींनी योजलेली युक्ती इतकी साधी आहे की तिचे कौतुक वाटते. सिडनीला डोव्हर हाइट्स नावाचा, समुद्रावर सरळ उभा असलेला सुमारे ८५ मीटर उंचीचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर युद्धकाळातले एक एरियल होते. पूर्वेला समुद्रातून सूर्य वर येऊ लागला की त्याच्या लहरी दोन वाटांनी एरियलपर्यंत पोचत. काही सरळ येत आणि काही पाण्यावर आपटून, आरशावरून कवडसा यावा तशा. तळ्यात दोन खडे एकदम टाकले तर वर्तुळे एकमेकांत मिसळून कोठे पाणी जास्त उचलते, कोठे सपाट होते. तसेच या दोन वाटांच्या लहरींचे होते. सूर्य जसजसा वर चढे तसतसा यंत्रावरचा आवाज चढे-उतरे, चढे-उतरे. या चढउतारांवरून आवाज सूर्यबिंबाच्या नेमक्या कोणत्या पट्ट्यातून येतो ते गणिताने काढता येत असे. दुसरे एरियल विकत घेण्याचा खर्चच नाही. ते काम समुद्राने केले.

या कड्यावरून पहिली नोंद २६ जानेवारी १९४६ रोजी पहाटे घेतली गेली. आपल्याकडे त्या काळी या तारखेला स्वातंत्र्याची शपथ घेत असत, आणि ऑस्ट्रेलियाचाही तो राष्ट्रीय दिन. पुढे फेब्रुवारीत सूर्यावर एक अवाढव्य डाग आला. त्या दिवसांतील नोंदींवरून आवाजाची जागा काढली, तर ती त्या डागांच्या समूहाशी जुळली. शंका फिटली.

या कामावरचा मोठा निबंध १९४७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मॅक्रेडी, पॉसी व पेन-स्कॉट असे तिघांचे नाव त्यावर आहे. त्यात एक विचार मांडलेला आहे, आणि आमच्या मते रूबीबाईंच्या चरित्रातले हेच खरे मोलाचे पान होय. तो विचार असा, की दोन वाटांमधील अंतर बदलत बदलत अशा पुष्कळ नोंदी घेतल्या आणि त्या गणिताने एकत्र केल्या, तर आकाशातील वस्तूचे पूर्ण चित्र तयार करता येईल. रांगोळीचे उदाहरण घेऊ. एका रेघेवरून रांगोळी कोणती ते कळत नाही. पण निरनिराळ्या दिशांच्या, लांब-आखूड रेघा पुरेशा जमल्या की कमळ आहे की कासव ते डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्येक नोंद म्हणजे अशी एक रेघ. कड्याची उंची काही कमीजास्त करता येत नाही, म्हणून डोव्हर हाइट्सला हे साधणे कठीण होते. पुढे केंब्रिजला मार्टिन राइल यांनी जागा बदलता येणारी एरियले वापरून हे तंत्र पूर्णत्वास नेले व १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाबद्दल कोणाचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु या पारितोषिकाची कथा सांगताना १९४७ च्या त्या निबंधाचे नाव घेतले जावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

त्याच वर्षी ८ मार्चला सूर्यावर मोठा उद्रेक झाला. रूबीबाई आणि त्यांचे सहकारी याब्सली व बोल्टन यांनी तो तीन निरनिराळ्या लहरींवर एकाच वेळी टिपला. आधी एका लहरीवर आवाज आला, काही मिनिटांनी दुसरीवर, मग तिसरीवर. त्या वेळेच्या फरकावरून त्यांनी हिशेब मांडला की सूर्यावरून काहीतरी सेकंदाला पाच-सहाशे किलोमीटर वेगाने वर उसळत आहे. सूर्यावरची वादळे उपग्रहांना व वीजपुरवठ्याला त्रास देतात आणि त्यांचा आगाऊ इशारा देण्याची खटपट चालू असते, हे आता आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या विद्येची एक मुळी येथे आहे. पुढे हॉर्न्सबी येथे एकट्याने काम करून रूबीबाईंनी सूर्याच्या आणखी एका प्रकारच्या, काही सेकंदांतच आटोपणाऱ्या आवाजाचा छडा लावला. शास्त्रज्ञ आज त्याला तिसऱ्या प्रकारचा स्फोट म्हणतात.

१९४८ पासून त्या सिडनीच्या पाणीपुरवठ्याच्या तलावाशेजारी, पॉट्स हिल येथे काम करू लागल्या. तेथे अलेक लिटल या तरुण सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी असे यंत्र उभारले की ते सेकंदाला २५ वेळा सूर्यावरून नजर फिरवी. समुद्रावरच्या यंत्राला सूर्योदयाची वाट पाहावी लागे. याला ती गरज उरली नाही. सूर्यापासून सुटून आकाशात दूरवर सरकत जाणारा उद्रेक या यंत्रावर प्रत्यक्ष चालताना दिसला. बाई आपल्या कर्तृत्वाच्या ऐन भरात होत्या.

आणि नेमके तेव्हाच लग्न आडवे आले.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोकरीचा नियम असा होता की, विवाहित स्त्रीला कायमची जागा मिळू शकत नाही. लग्न झाले की तिने कायमची नोकरी सोडावी. फार तर वरिष्ठांच्या मर्जीने तात्पुरती म्हणून राहावे. म्हणूनच १९४४ चे लग्न त्यांनी कचेरीच्या दप्तरात येऊ दिले नव्हते. सहा वर्षे त्या कागदोपत्री कुमारी पेन-स्कॉटच राहिल्या. १९५० साली ही गोष्ट उघडकीस आली. संस्थेचे अध्यक्ष क्लूनीस रॉस आणि रूबीबाई यांच्यात पत्रव्यवहार झाला. बाईंनी क्षमा मागितली नाही. आपण काही चुकीचे केले असे आपल्याला वाटत नाही, नियमच मुळी अन्यायाचा आहे, असे त्यांनी स्वच्छ कळवले. पण नियम तो नियम. त्यांची कायम जागा गेली, त्या तात्पुरत्या झाल्या आणि निवृत्तिवेतनासाठी संस्थेने त्यांच्या नावे भरलेला वाटाही गेला.

लग्न लपवून ठेवणे योग्य की अयोग्य, यावर आपल्या मंडळात दोन मते पडतील याची आम्हांला कल्पना आहे. खोटे वागू नये, हे कोणीही सांगेल. पण बिल हॉल यांना लग्नामुळे टेलिफोन खात्याने एका शब्दाने विचारले नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. एकाच लग्नातले दोघे; एकाची नोकरी शाबूत आणि दुसरीची जाते, तर दोष लपवणारीचा किती आणि नियमाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत नियमाच्या विरुद्ध आहे. ऑस्ट्रेलियाला हसण्याचेही कारण नाही. आपल्या परराष्ट्र सेवेत स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी काढावी असा नियम होता, आणि मुथम्माबाईंनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली तेव्हा कोठे १९७९ साली त्याचा निकाल लागला. ऑस्ट्रेलियातला तो नियम १९६६ साली रद्द झाला.

रूबीबाईंना मात्र १९६६ पर्यंत थांबणे शक्य नव्हते. १९५१ साली त्यांना दिवस गेले. बाळंतपणाची रजा नावाची गोष्टच त्या कचेरीत नव्हती. त्यांनी राजीनामा दिला, आणि नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला. तेव्हा त्यांचे वय ३९ होते. संशोधनाची उणीपुरी सहा-सात वर्षे. एवढ्या अवधीत जे झाले ते वर आलेच आहे.

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, आंतरराष्ट्रीय रेडिओ-विज्ञान संघाची महासभा सिडनीला भरली. युरोप-अमेरिकेच्या बाहेर ती प्रथमच भरत होती. जगातले नामवंत रेडिओ-शास्त्रज्ञ सिडनीचे काम पाहावयास आले. एका अर्थी तो या चमूचा गौरवसोहळाच होता. त्या प्रसंगाच्या सामुदायिक छायाचित्रात रूबीबाई आहेत. घरी मूल अजून वर्षाचे व्हायचे होते, नोकरी सुटली होती, तरी त्या आल्या होत्या. त्या गर्दीत त्यांच्या मनात काय चालले असेल, हे घरसंसारासाठी काही सोडून दिलेल्या कोणाही बाईला निराळे सांगावयास नको.

याच महासभेला आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक डॉ. के. एस. कृष्णन हजर होते. सिडनीचे काम पाहून ते इतके प्रभावित झाले की परत येताच त्यांनी आपल्याकडचे तरुण तेथे धाडण्याची तजवीज केली. त्याप्रमाणे १९५३ साली कोलंबो योजनेखाली गोविंद स्वरूप आणि पार्थसारथी हे दोघे सिडनीला पॉसींच्या हाताखाली गेले. पॉट्स हिललाच, रूबीबाईंनी यंत्र उभारले होते त्याच तलावाच्या काठी, क्रिस्तियानसेन नावाच्या शास्त्रज्ञाने सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांवर या दोघा भारतीयांनी हात बसवला. काही दिवसांनी क्रिस्तियानसेन नवीन यंत्राकडे वळले व या थाळ्या मोडीत निघण्याची वेळ आली. स्वरूपांनी धीर करून विचारले, या आम्हांला द्याल का? पॉसींनी होकार भरला आणि ऑस्ट्रेलियाने त्या भारताला भेट दिल्या.

थाळ्या दिल्लीस आल्या आणि काही वर्षे तशाच पडून राहिल्या. दरम्यान स्वरूप अमेरिकेत गेले. परदेशात असलेल्या चौघा भारतीय रेडिओ-शास्त्रज्ञांनी १९६१ साली मायदेशी परतून एकत्र काम करण्याची इच्छा इकडच्या संस्थांना कळवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. होमी भाभांनी ती उचलून धरली. १९६३ साली स्वरूप परत आले, थाळ्या दिल्लीहून आणवल्या आणि १९६५ साली आपल्या कल्याणजवळ त्या उभ्या राहिल्या. सिडनीच्या तलावाकाठच्या थाळ्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून उभ्या, ही गोष्ट कल्याणच्या आपल्या भगिनींपैकी किती जणींना ठाऊक असेल? त्याच थाळ्यांवर आपल्याकडच्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांची पहिली पिढी शिकली. मग १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर मोठी दुर्बीण झाली. त्यानंतर जुन्नर तालुक्यात खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेली महादुर्बीण झाली. ती २००१ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आली. स्वरूप २०२० साली पुण्यास वारले. या तीस थाळ्या चित्र काढतात ते त्या १९४७ च्या निबंधातील रीतीनेच: दोन-दोन थाळ्यांची जोडी घ्यावयाची, प्रत्येक जोडीची एक रेघ, आणि सर्व रेघांची मिळून रांगोळी. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात.

या देवाणघेवाणीत पैशांपेक्षा पत्रांचा आणि माणसांच्या जाण्यायेण्याचा वाटा मोठा आहे. न्यूझीलंडहून एक अहवाल आला, सिडनीहून एक निबंध केंब्रिजच्या वाचनात आला, दिल्लीहून दोन तरुण गेले, ३२ थाळ्या बोटीत बसल्या. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे अनेक देशांनी मिळून जी प्रचंड दुर्बीण उभारावयास घेतली आहे, तीत भारतही भागीदार आहे. सीमा ओलांडणे या मंडळींना जमले. कचेरीतल्या एका नियमाचा उंबरठा मात्र ओलांडता आला नाही.

रूबीबाई प्रयोगशाळेत परत गेल्या नाहीत. मुलाच्या पाठीवर मुलगी झाली. त्या आता रूबी हॉल म्हणून ओळखल्या जात. मुले मोठी होईपर्यंत त्यांनी घर सांभाळले आणि १९६३ साली, म्हणजे स्वरूप भारतात परतले त्याच वर्षी, त्या सिडनीच्या हर्स्टव्हिल भागातील डेनबँक या मुलींच्या शाळेत गणित व विज्ञान शिकवू लागल्या. १९७४ पर्यंत त्यांनी तेथे नोकरी केली. या बाईंनी एकेकाळी सूर्यावरील उद्रेकांचा वेग मोजला होता, याची तेथे फारशी वाच्यता नव्हती. मुलगा पीटर हॉल जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ झाला आणि मुलगी फियोना हॉल ऑस्ट्रेलियातील नामांकित कलावंत झाली.

ज्या संस्थेने त्यांची कायम जागा काढून घेतली, तिनेच पुढे त्यांच्या नावाने एक पुरस्कार ठेवला. मुलाबाळांच्या संगोपनासाठी काम थांबवून पुन्हा संशोधनाकडे येणाऱ्यांना तो दिला जातो. तो पाहावयास बाई नव्हत्या. उतारवयात त्यांना विस्मृतीच्या रोगाने गाठले. गणितात इतकी तल्लख असलेली बुद्धी हळूहळू विझत गेली. २५ मे १९८१ रोजी सिडनीला त्यांचे निधन झाले. एकोणसत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.